नाना सारंगांच्या पेट्या

माझ्या नवऱ्यानं बाहरीनहून पाठवलेलं पहिलं ई-मेल माझ्यापर्यंत पोचलंच नाही. नाना सारंगांनी ते परत पाठवलं. कारण, त्यावर विषय लिहिलेला नव्हता.

हे मला कळलं आठ दिवसांनी, सुधीरचा फोन आला तेव्हा. "तुझ्या त्या शेजाऱ्यानं मला नोटीस पाठवलीय," तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि पायात चप्पलही न घालता मधलं कुंपण ओलांडून सारंगांच्या पडवीत गेले. नाना बाकड्यावर बसून मॉडेमच्या दिव्यांकडे बघत होते.

"नाना, माझं पत्र परत का पाठवलंत?"

"विषय नाय होतो."

"नवऱ्याच्या पत्राला कसला विषय असतो?"

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "विषय नाय, तर मगे लिवल्यान कित्याक?"

मी घरी येऊन सुधीरला तसं कळवलं. सुधीरनं पुढच्या पत्राला 'बायको' असा विषय दिला. ते आलं. मग तो गंमत म्हणून आकडे घालायला लागला. 'बायको दोन', 'बायको तीन'. नानांना त्यात काहीच गंमत वाटली नाही. उलट ते म्हणाले, "शिस्तीचो माणूस दिसता."

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन मालवणच्या उत्तरेला समुद्राकाठच्या या वाडीत आले आणि इथल्याच हायस्कुलात गणित शिकवायला लागले. नाना तेव्हा बोटीवर होते. जहाजावर बिनतारी संदेश घेणारा आणि पाठवणारा जो अधिकारी असतो, ते त्यांचं काम. गाव त्यांना 'बिनतारी नाना' म्हणायचं. पुढे जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली, या कामाला माणूस लागेनासा झाला, आणि पन्नाशी ओलांडलेले नाना एक मोठी लोखंडी ट्रंक घेऊन कायमचे घरी आले. शालनकाकी, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "आता जरा घराकडे बघतले." बिचाऱ्या.

वर्षभरात नानांनी पडवीच्या एका टोकाला पत्र्याची खोली काढली आणि त्यात एक कॉम्प्युटर आणून ठेवला. मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवरची कुठलीशी प्रणाली त्यात घातली. मग गावाच्या नावानं इंटरनेटवर एक पत्ता विकत घेतला आणि जाहीर केलं की वाडीतल्या प्रत्येक घराला स्वतःची ई-मेलची पेटी मिळेल. मेलबॉक्स हा शब्द ते वापरत नसत. पेटी. आणि ई-मेल नव्हे, पत्र.

वाडीत घरटी एक माणूस बोटीवर नाहीतर आखातात होता. त्यामुळे लोक आले. शहाऐंशी पेट्या झाल्या. त्या पेट्यांची देखभाल करणं हे नानांचं उरलेलं आयुष्य झालं, आणि त्या देखभालीचा जाच सोसणं हे आमचं.

जाच म्हणजे किती, ते सांगते. फोनची लाइन एकच. दिवसातून तीनदा, सकाळी सहा, दुपारी एक आणि संध्याकाळी सात, नानांचा कॉम्प्युटर स्वतः फोन लावायचा, बाहेर जमलेली सगळी पत्रं ओढून आणायचा आणि ज्याची त्याच्या पेटीत टाकायचा. त्या वेळात सारंगांच्या घरी फोन लागत नसे. शालनकाकींच्या बहिणीला सातलाच मोकळा वेळ मिळायचा, आणि सात वर्षांत ती बहीण काकींशी सलग पाच मिनिटं बोलली असेल तर शपथ. वेळ बदला म्हटलं तर नाना म्हणत, "वेळ ठरली ती ठरली. दर्यात कोणी थांबणा नाय."

प्रत्येक पेटीला मर्यादा होती. ती भरत आली की नाना नोटीस काढत. नोटीस पेटीत पडायचीच, पण लोक पेटी उघडत नाहीत म्हणून ते स्वतः जाऊनही सांगत. कुठेही. मी एकदा मासळीबाजारात बांगडे निवडत होते, चार पालक आणि दोन विद्यार्थी बाजूला, आणि मागून नानांचा आवाज: "बाई, तुमची पेटी भरली हा. घोवाची जुनी पत्रां काडून टाका!" सगळा बाजार वळून बघायला लागला. दुसऱ्या दिवशी नववीच्या फळ्यावर कोणीतरी पेटीचं चित्र काढून ठेवलं होतं.

पासवर्ड विसरलं की नाना तो नवा करून देत, पण आधी सात मिनिटं ऐकवत. मी घड्याळ लावून मोजलंय. लोकांच्या वतीनं पत्र लिहून द्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला होता. "मी पोचवतंय. लिवणारो दुसरो बघा." तो दुसरा म्हणजे मी. रविवारी सकाळी मी त्यांच्या पडवीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून इंग्रजी अक्षरांत मालवणी पत्रं टाइप करायची. माझ्या आठवड्यातली एकुलती सुट्टी. मी हो कधी म्हटलं ते मला आठवत नाही. काकींनी चहा आणि खापरोळी पुढे ठेवली होती, एवढं आठवतं.

आणि तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. वीज जायची तेव्हा, आणि ती सारखी जायची, कधीकधी पत्र पेटीत पडता पडताच यंत्र बंद पडायचं. एका पेटीतली सगळी पत्रं एकाखाली एक शिवल्यासारखी असतात, असं नानांनी मला समजावलं होतं. मधेच वीज गेली की शिवण उसवते, दोन पत्रं एकात मिसळतात. एकदा सुधीरचं अर्धं पत्र बियाणांच्या जाहिरातीला जोडून आलं. "तुझी फार आठवण येते, विशेषतः" आणि पुढे भेंडीचं संकरित वाण. तर ही शिवण नाना हातानं दुरुस्त करत. त्यासाठी पेटी उघडावी लागे. उघडली की आतला मजकूर पडद्यावर दिसणारच. म्हणून त्यांनी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून पडद्याला दोऱ्यानं बांधला होता. पत्राचा वरचा भाग, कोणाकडून, कोणाला, कधी, तेवढाच उघडा राहील आणि खालचा झाकला जाईल असा. पाठीला कुबड काढून, पुठ्ठा वरखाली सरकवत ते तासन्‌तास बसत. खोलीत दुसरं कोणी नसायचं. पुठ्ठा नसता तरी कोणाला कळलं नसतं.

वाडीच्या दक्षिण टोकाला आनंदीबाय राहायची. मासे विकायची. तिचा मुलगा विलास परदेशी मालवाहू जहाजावर खलाशी होता. दोन हजार तीनच्या सुमाराला त्यानं सिंगापुरात एक डिजिटल कॅमेरा घेतला आणि हौसेनं आईला स्वतःचे चार फोटो पाठवले. ते इतके जड होते की नानांची लाइन दीड तास त्यातच अडकली, मग तुटली, मग परत पहिल्यापासून. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. सगळ्या वाडीची पत्रं त्या चार फोटोंच्या मागे रांग लावून उभी. दुसऱ्या दिवशी नानांनी ते फोटो बाहेरच्या बाहेर पुसून टाकले आणि विलासला इंग्रजीत एक पानभर तंबी पाठवली.

आनंदीबाय डोक्यावर टोपली घेऊन तशीच अंगणात आली. टोपली खाली ठेवली नाही, म्हणजे भांडण थोडक्यात आटपायचं होतं.

"माझ्या झिलाचा तोंड पुसून टाकलंस?"

"पेटीत मावना नाय गो."

"मेल्या, माणसाचा तोंड मावना नाय अशी कसली तुझी पेटी?"

नाना यावर मर्यादेचा आकडा सांगायला लागले. ती ऐकायला थांबली नाही. पुढचे दोन महिने सारंगांच्या घरी तिनं मासळी दिली नाही, आणि बाजारातल्या बाकीच्या बायकांनाही देऊ दिली नाही. काकी माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या ताटातलं कालवण जेवायच्या आणि रडकुंडीला येऊन म्हणायच्या, "ह्यांच्या पेट्यांपायी माका डाळ खावची पाळी ईली."

नानांनी मग फोटो लहान कसा करायचा याची कृती लिहून विलासला पाठवली. क्रमांक घालून, अठरा पायऱ्या. विलासनं एक फोटो पाठवला, एवढासा. नाना तो फ्लॉपीत घालून मालवणला गेले आणि स्टुडिओतून भिंतीवर लावण्याएवढा मोठा करून घेऊन आले. इतका लहान फोटो एवढा मोठा केल्यावर व्हायचं तेच झालं. विलासचा चेहरा लादी बसवल्यासारखा चौकोनाचौकोनांचा दिसत होता. आनंदीबायनं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"आणि ह्ये चौकोन कसले?"

"लांबसून बघ," नाना म्हणाले आणि निघून आले.

तिनं तो समोरच्या भिंतीवर लावला आणि दारातून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी काकींना मासळी मिळाली.

पुढे विलासचं लग्न झालं. रेश्मा देवगडकडची, दहावी झालेली, मोजकं बोलणारी. एव्हाना आमच्याकडे ब्रॉडबँड आलं होतं, नानांचा कॉम्प्युटर दिवसभर इंटरनेटला जोडलेला असायचा आणि जगाच्या पाठीवरून कोणालाही आपली पेटी उघडून बघता यायची. विलासनंही स्वतःची वेगळी पेटी घेतली होती. रेश्मा दर बुधवारी येऊन स्वतः विलासला पत्र लिहायची, रविवारी त्याचं उत्तर वाचायची. आणि एका पावसाळ्याच्या शेवटी उत्तरं थांबली.

एक महिना गेला, दोन गेले. मुंबईच्या एजंटकडून एवढंच कळलं की विलास एका बंदरात जहाज सोडून उतरला, पुढचं त्यांना माहीत नाही. रेश्मा पत्रं लिहीतच होती. चौथ्या महिन्यात ती माझ्याकडे शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, नानांका सांगा ना. तेंची पेटी उघडून बघा म्हणान. कोणाचा काय पत्र इला आसात तर कळात तरी."

मला यात नाही म्हणण्यासारखं काहीच दिसलं नाही. मी संध्याकाळी नानांकडे गेले.

"विलासची पेटी उघडा."

"तेची चावी तेच्याकडे."

"तुमच्याकडे सगळ्या चाव्या आहेत. मला माहीत आहे."

"आसत. म्हणानच मी उघडूचंय नाय."

"नाना, माणूस जिवंत आहे की नाही ते माहीत नाही. ती पोर चार महिने जेवलेली नाही धड. तुमचा नियम मोठा की ती?"

नाना म्हणाले, "बाई, मी बावीस वर्सां बोटीर होतंय. सगळ्यांची पत्रां माझ्या हातातसून गेली. एकदा कप्तानाची बायल घर सोडून गेली. ता तेच्या आदी माका कळला. मी पाकीट बंद केलंय, तेच्या हातात दिलंय आणि तेच्या समोरच्या खुर्चेर जेवूक बसलंय."

"मग?"

"मगे काय? तेणा डाळ वाढून घेतल्यान. मी मीठ पुढे केलंय."

मी इतकी चिडले होते की कुंपणाच्या काट्यात पदर अडकून फाटला तरी थांबले नाही. घरी येऊन मी सुधीरला लांबलचक पत्र लिहिलं, त्यात नानांना नको ते बोलले, आणि पाठवताना लक्षात आलं की हे पत्र नानांच्याच यंत्रातून जाणार आहे. तरी पाठवलं. वाचलं तर वाचू दे म्हटलं. त्यांनी अर्थातच वाचलं नाही. वाचलं असतं तर बरं झालं असतं असं मला त्या दिवशी वाटलं.

चार दिवसांनी मी आठवीला प्रमेय शिकवत असताना वर्गाच्या खिडकीत नाना उभे. मुलं हसायला लागली. मी बाहेर गेले.

"पेटी उघडली जाता," ते म्हणाले.

"तुम्ही उघडलीत?"

"मी नाय. तो उघडता. दर शुक्रवारी." कोणती पेटी कधी आणि कुठून उघडली याची नोंद यंत्र आपोआप ठेवतं. नानांनी चार दिवस बसून त्या नोंदी चाळल्या होत्या. पत्रांना हात न लावता. "दक्षिण आफ्रिकेतसून. एकाच जागेवरसून. रेश्माची सगळी पत्रां उघडल्यान हा."

"मग चला, आधी तिला सांगू. पण नाना, जरा सांभाळून सांगा. मी बोलते हवं तर."

मी बोलण्याआधीच ते आनंदीबायच्या अंगणात जाऊन उभे राहिले होते. रेश्मा जाळीवर सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घालत होती.

"रेश्मा, तो जितो आसा. तुझी पत्रां वाचता. जबाब कित्याक देणा नाय ता माका म्हायत नाय."

सांभाळून सांगणं ते हे. आनंदीबाय आतून धावत आली आणि खाली बसून मोठ्यानं रडायला लागली. रेश्मा रडली नाही. हातातलं सुंगट तिनं नीट जाळीवर ठेवलं.

"सगळी वाचता?"

"सगळी."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या बुधवारी ती पत्र लिहायला आली नाही. पुढच्या बुधवारीही नाही. तिसऱ्या बुधवारी मी नानांच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन म्हटलं, "बघितलंत? न कळल्याचं दुःख तरी बरं होतं."

नानांनी एक छापलेला कागद माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "शुद्धलेखन बघा." ती नोटीस होती. घरी मालवणी बोलणारे नाना नोटिशीत कायम सरकारी मराठी वापरत. 'आपली पेटी मर्यादेबाहेर भरलेली आहे. पंधरा दिवसांत लेखी पोच न दिल्यास पेटी बंद करण्यात येईल व आतील सर्व पत्रे नष्ट करण्यात येतील.' वर नाव विलासचं.

"तुम्ही तिची पत्रं पुसणार?"

"नियम आसा."

"नाना, तुम्हाला काही वाटतं का हो? काहीतरी?"

रागानं मी पडद्याकडे पाहिलं. तिथे सगळ्या पेट्यांची यादी उघडी होती, कोणती किती भरली त्यासकट. विलासची पेटी पावसुद्धा भरलेली नव्हती. मी नानांकडे बघितलं. त्यांनी हात लांब करून तो कॅलेंडरचा पुठ्ठा सावकाश त्या ओळीवर सरकवला.

"शुद्धलेखन," ते म्हणाले.

मी 'नष्ट' बरोबर आहे असं सांगितलं आणि घरी आले.

बाराव्या दिवशी पोच आली. नानांनी ती छापून माझ्याकडे आणली. इंग्रजी अक्षरांत तीन ओळी. 'नाना, पेटी बंद करू नकात. तिची पत्रां तेच्यात आसत. माझ्याकडे दुसरा काय नाय.'

"तिला दाखवायची?" मी विचारलं. मला खरोखरच आता त्यांच्या नियमाचा भरवसा नव्हता.

"ह्या पत्र कोणाक इला?"

"तुम्हाला."

"मगे ह्या माझा. माझा पत्र मी कोणाकय दाखवीन."

रेश्मानं ती तीन ओळींची पोच उभ्यानं वाचली, मग पायरीवर बसून पुन्हा वाचली. तिनं लगेच पत्र लिहायला हवं होतं असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "आधी नानांनीच लिवंदेत. तेंका जबाब देता तो." आणि नाना लिहीत राहिले. पण कसं? 'पोच मिळाली. पोच अपुरी आहे. खालील माहिती क्रमवार कळवावी. एक, सध्याचा पत्ता. दोन, कामाचे स्वरूप. तीन, प्रकृती.' मी ते वाचून कपाळावर हात मारून घेतला. मुलगा कुठे जीव मुठीत धरून बसलाय, आणि हे त्याला रकाने भरायला लावतायत!

विलासनं रकाने भरले. कोणी मायेनं विचारलं असतं तर त्यानं कदाचित सांगितलं नसतं. एक, डर्बन, एका गुजराती माणसाच्या खानावळीच्या वर. दोन, भांडी घासणे. तीन, उजव्या हाताची तीन बोटं जहाजावरच्या दोराच्या चाकात गेली. दवाखान्यातून सुटल्यावर जहाजाच्या लोकांनी घरी पाठवायची तयारी केली होती, पण तो विमानतळावरून परत फिरला. चौथा रकाना नानांनी पुढच्या नोटिशीत घातला, 'घरी न येण्याचे कारण'. त्यापुढे विलासनं लिहिलं होतं, 'ह्यो हात तिका कसो दाखवू?'

हे वाचल्यावर रेश्मा उठली आणि जुन्या कॉम्प्युटरपुढे बसली. मी आणि नाना पडवीबाहेर गेलो. तिनं काय लिहिलं ते मला माहीत नाही. नानांना तर नाहीच नाही.

मे महिन्यात विलास आला. म्हणजे हमरस्त्यावरच्या तळेऱ्यापर्यंत आला. तिथे तिठ्यावर मुंबईच्या गाडीतून उतरला, मालवणच्या दोन गाड्या डोळ्यांदेखत सोडल्या आणि शेवटी बूथवरून नानांना फोन लावला. नाना म्हणाले, "थयच रव," आणि रेश्माला जाऊन सांगितलं. ती नेसत्या साडीनिशी निघाली. मी नानांना म्हटलं, तुम्हीही जा बरोबर. ते म्हणाले, "मी कित्याक? माझा काम झाला."

संध्याकाळच्या गाडीतून दोघं उतरली. विलासचा उजवा हात रेश्माच्या हातात होता, उघडा, पंचा वगैरे काही न गुंडाळता. वाडीनं बघायचं ते बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना त्यांच्या अंगणात हजर. मला वाटलं, आता तरी दोन शब्द गोड बोलतील. "विलास," ते म्हणाले, "तुझ्या तीनव पोचींका विषय नाय होतो." विलास आधी बघत राहिला, आणि मग आनंदीबाय हसायला लागली म्हणून तोही हसला. पुढे त्याला तारकर्लीला पर्यटकांच्या होडीवर काम मिळालं. डाव्या हातानं वल्हं धरायला तो तिथेच शिकला.

त्यानंतर नानांच्या पेट्यांचे दिवस फार राहिले नाहीत. फुकटात वाटेल तेवढी मोठी पेटी देणारे मोठमोठे लोक इंटरनेटवर आले. तिथे फोटो मावत, विषय लागत नसे आणि बाजारात कोणी ओरडत नसे. एकेक घर गुपचूप तिकडे गेलं. गुपचूप म्हणते, कारण नानांना सांगायची कोणाचीच छाती नव्हती. मीही गेले. सुधीरच म्हणाला, किती दिवस 'बायको चारशे' करत बसू?

दोन महिन्यांनी नाना कुंपणाशी आले. "बाई, तुमची पेटी उघडूक नाय. तब्येत बरी मां?"

"परीक्षेचं काम होतं, नाना," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. नोंदी बघण्यात आयुष्य गेलेला माणूस. माझं खोटं त्यांना कळलं नसेल असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

दोन हजार दहाच्या सुरुवातीला त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. मध्येच काळा ठिपका दिसतो म्हणायचे. पुण्याला मुलीकडे राहून इलाज करायचा असं ठरलं, आणि नानांनी पेट्या बंद करायची नोटीस काढली. शेवटची. ती वाचायला पेट्या उघडतंय कोण? म्हणून ते घरोघर गेले. प्रत्येकाची पत्रं एकेका सीडीवर घालून, वर वळणदार अक्षरात नाव लिहून, सही घेऊन सीडी देत. माझ्याकडे भर दुपारी आले, मी पेपर तपासत होते. मी सही कुठे करायची ते दाखवताना त्यांना रकाना दिसेना, म्हणून मीच त्यांचं बोट धरून त्यावर ठेवलं. सीडी दिल्यावर ते त्या माणसाची पेटी यंत्रातून पुसत. तसा नियम होता.

पाच पेट्या उरल्या. दोन घरं मुंबईला गेलेली, दोघं आखातात पत्ता बदलून बसलेले, आणि एक तर दर्यातच गेलेला, मागे कोणी नसलेला. काकी म्हणाल्या, पुसून टाका नि चला. मुलगी फोनवरून म्हणाली, बाबा, तो डबा इथे आणू नका, जागा नाही. मीही म्हटलं, नाना, आता कोण येणार आहे ती पत्रं मागायला?

"इले तर?" ते म्हणाले.

ते निघाले तो दिवस मला आठवतो, कारण मला शाळेला उशीर झाला होता आणि त्यांची रिक्षा माझ्या फाटकासमोर आडवी उभी होती. मागे बॅगा, बॅगांच्या मधे अंग चोरून बसलेल्या काकी. बाकी सीटवर नाना, आणि त्यांच्या मांडीवर सोलापुरी चादरीत गुंडाळलेला तो कॉम्प्युटर. दोन्ही हातांनी कवटाळलेला. मी "पोचल्यावर कळवा" म्हटलं. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली, पण बोलायच्या आत रिक्षा सुटली आणि पहिल्याच खड्ड्यात दणकन्‌ आपटली.

"सावकाश रे मेल्या!" नाना ओरडले. "भितर माणसां आसत!"

रिक्षावाल्यानं दचकून वेग कमी केला आणि आरशात मागे बघितलं. काकींनी कपाळाला हात लावला. रिक्षा तशीच, चालत्या माणसाच्या वेगानं, रेशन दुकानाच्या वळणापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली.